बाची ते शिनोळी, चालत

माझी आत्या चंदगड तालुक्यातल्या एका लहानशा गावात राहते. पाटणे फाट्यावर उतरायचं आणि तिथून आत जायचं. वय ७८. मधुमेह जुना आहे आणि तीन वर्षांपासून तो डोळ्यांपर्यंत पोचला आहे. पडद्याला सूज येते, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. त्यासाठी ती बेळगावला आमच्या घरी येते, एक रात्र राहते, दुसऱ्या दिवशी दुपारी परत जाते. येताना पिशवीत रताळी किंवा ओले काजूगर असतात. जाताना आई नातवंडांसाठी कुंदा देते आणि दर वेळी बजावते, "वन्सं, हा पोरांसाठी आहे हं." आत्या दर वेळी म्हणते, "व्हय गं, मी काय खातोय व्हय?" दोघींनाही माहीत असतं की फाट्यापर्यंत एक तुकडा कमी झालेला असणार.

या अंकाच्या इंदूर-बडोद्याच्या वाचकांना प्रश्न पडेल की कोल्हापूर जिल्ह्यातली बाई डोळे दाखवायला कर्नाटकात का येते. नकाशा पाहिला की लगेच कळतं. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरहून लांब आणि बेळगाव चाळीसेक. आत्याच्या गावाहून तर बेळगाव जेमतेम तासाभरावर. शिवाय हे नातं जुनं आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तो चंदगड तालुका वगळून. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होता. कचेरी, बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं बेळगावात. एका रात्रीत जिल्हा बदलला, पण माणसं बाजाराला जायची ती वाट तीच राहिली. आजही रताळ्याचं पीक निघालं की गाड्या बेळगावच्याच बाजाराकडे वळतात.

वाट म्हणजे आपला बेळगाव-वेंगुर्ला रस्ता. हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची ही गावं मागे पडली की शिनोळी येतं. बाची कर्नाटकातलं शेवटचं गाव, शिनोळी महाराष्ट्रातलं पहिलं. मधे ना नदी आहे, ना डोंगर. दुकानांवरच्या पाट्यांची लिपी बदलते आणि गाडीच्या नंबर प्लेटवरची अक्षरं. बोली दोन्हीकडे तीच.

आता त्या दिवसाची गोष्ट.

डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमेवर तणाव झाला आणि दोन्ही राज्यांच्या एकमेकांकडे जाणाऱ्या गाड्या काही दिवस थांबल्या. हे आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं. लहानमोठे असे प्रसंग आमच्याकडे अधूनमधून येतच असतात. अशाच एका बंदच्या दिवशी आत्याची इंजेक्शनची तारीख होती. तिकडची गाडी शिनोळीपर्यंत येत होती, इकडची बाचीपर्यंत जात होती. मधल्या पट्ट्यात गाडी नव्हती. वडापवालेही त्या दिवशी पुढे यायला तयार नव्हते.

आत्या शिनोळीला उतरली आणि चालायला लागली. हातात पिशवी, डोळ्यावर काळा चष्मा, आणि उजव्या डोळ्याला कडेचं नीट दिसत नाही. वीसेक मिनिटं चालून ती बाचीला पोचली. तिथे इकडची गाडी मिळाली आणि घरी आली तेव्हा पायाचा घोटा सुजला होता. मी त्या वेळी सुट्टीला आलो होतो. मी चिडलो, फोन का केला नाहीस म्हणून. ती म्हणाली, "अरे पोरा, रस्त्यानं समदी चालतच होती की. मी एकटाच हुतो व्हय?"

खरंच ती एकटी नव्हती. कॉलेजची पोरं, शिनोळीच्या कारखान्यांत कामाला जाणारी बेळगावकडची माणसं, दोन बायका लहान मुलांना काखेत घेऊन. सगळे त्या पट्ट्यात चालत होते, काही इकडून तिकडे, काही तिकडून इकडे.

इथवर ठीक होतं. पुढची गोष्ट आम्हाला दोन महिन्यांनी कळली. त्यानंतर पुन्हा एकदा गाड्यांची अशीच खात्री नव्हती, आणि आत्याने ती तारीख कुणाला न सांगता सोडून दिली. "आता बरं हाय" असं फोनवर सांगत राहिली. पुढच्या वेळी तपासणीत डॉक्टर म्हणाले, "सूज बरीच वाढली आहे. इंजेक्शनं चालू ठेवू, पण गेलेली नजर सगळी परत येईलच असं नाही." आत्या दवाखान्याच्या बाकावर बसून म्हणाली, "तुम्हास्नी किती तरास द्यायचा?" मला तेव्हापासून त्या दीड-दोन किलोमीटरच्या पट्ट्याचा विचार सोडवत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. कामाची सवय अशी की काही बिघडलं की आधी बघायचं, दोन भाग एकमेकांना जोडतात कुठे. बिघाड बहुतेक वेळा तिथेच सापडतो. म्हणून मी आत्याच्या प्रवासाकडे तसं बघायला लागलो.

पहिली गोष्ट तिकिटाची. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. कर्नाटकात जून २०२३ पासून तिथे राहणाऱ्या बायकांना साध्या गाड्यांत तिकीटच नाही. दोन्ही योजना चांगल्या आहेत आणि दोन्ही आपापल्या राज्याच्या हद्दीत संपतात. त्यामुळे आई आणि आत्या एकत्र निघाल्या की हिशेब मजेशीर होतो. बाचीपर्यंतच्या गाडीत आई फुकट आणि आत्याला पूर्ण तिकीट. शिनोळीहून पुढे आत्या फुकट आणि आईला अर्धं. दोघी एका सीटवर, एका पिशवीतले शेंगदाणे खात.

पैसे थोडेच आहेत, पण ते वाचवण्यासाठी म्हातारी माणसं काय करतात ते मी फाट्यावर उभं राहून पाहिलं. आत्या समोर आलेली इकडची गाडी सोडून देते. तिला लाल गाडी हवी असते, कारण तिच्यात निदान हद्दीपर्यंत आधार कार्ड चालतं. त्यासाठी ती तासभर उन्हात उभी राहते. फाट्यावर असं उभं राहणारी ती एकटी नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. दोन रविवार आणि एक सोमवार मी वही घेऊन फाट्यावर बसलो आणि गाड्या मांडल्या. एका सकाळी दोन्ही राज्यांच्या गाड्या दहा मिनिटांच्या अंतराने एकापाठोपाठ आल्या, पुढची अर्धी रिकामी, आणि नंतर जवळजवळ दोन तास काही नाही. यात कुणाची चूक काढावी असं मला वाटत नाही. दोन्हीकडची वेळापत्रकं आपापल्या जागी बरोबरच असणार. आपलं आगार, आपले चालक, आपली शाळेची फेरी बघून लावलेली. पण फाट्यावरच्या माणसाला दोन्ही वेळापत्रकं मिळून एकच दिवस मिळतो, आणि तो दिवस एका कागदावर कुणी मांडलेला नसतो.

तिसरी गोष्ट मला आधी माहीतच नव्हती. गाडी हद्द ओलांडते कशी? मोटार वाहन कायदा, १९८८ यात कलम ८८ आहे. एका राज्याने दिलेला परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही, तिथल्या परिवहन प्राधिकरणाची प्रतिस्वाक्षरी लागते. कुठल्या मार्गावर किती परवाने हे दोन राज्यं करार करून ठरवू शकतात. अशा कराराचा प्रस्ताव दोन्ही राज्यांच्या राजपत्रात आणि त्या भागातल्या भाषेच्या वृत्तपत्रात छापावा लागतो, आणि लोकांना म्हणणं मांडायला किमान ३० दिवस द्यावे लागतात. म्हणजे शिनोळीहून बाचीला येणारी प्रत्येक गाडी दोन सरकारांनी एकमेकांना दिलेल्या लेखी शब्दावर येते. सीमाप्रश्न कोर्टात, सभेत, टीव्हीवर चाललेला असतो आणि त्याच वेळी दोन्हीकडचे अधिकारी एका टेबलावर बसून फेऱ्या आणि किलोमीटर मोजत असतात. हे वाचून मला बरं वाटलं.

पण या मोजणीत प्रवासी कुठे बसतो, हे मला हैदराबादने शिकवलं.

बीई झाल्यावर मी नोकरीला हैदराबादला गेलो आणि तिथेच आहे. हैदराबादचे वाचक २०२० चा दसरा विसरले नसतील. २०१४ मध्ये तेलंगण वेगळं झालं, नंतर एकत्र एसटी महामंडळाचीही दोन महामंडळं झाली, तरी गाड्या जुन्या सवयीने धावत राहिल्या. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि सगळं थांबलं. पुढे दोन्ही राज्यांत आतल्या गाड्या सुरू झाल्या, पण एकमेकांकडे जाणाऱ्या होईनात. अडलं ते किलोमीटरवर. आंध्रच्या गाड्या तेलंगणात जितके किलोमीटर धावत, त्याहून तेलंगणच्या गाड्या आंध्रात बऱ्याच कमी धावत. तेलंगणचं म्हणणं, बरोबरी करा. गुंटूरचा माझा सहकारी रोज दुपारी विचारायचा, "करार झाला का?" दसरा २५ ऑक्टोबरला होऊन गेला, तो मिळेल त्या खासगी गाडीने घरी जाऊन आला. करार झाला २ नोव्हेंबरला.

त्या करारातले आकडे मला पाठ आहेत, कारण त्यानेच ते मला वाचून दाखवले होते. तेलंगणच्या ८२६ गाड्या आंध्रात १ लाख ६१ हजार किलोमीटर आणि आंध्रच्या ६३८ गाड्या तेलंगणात जवळपास तेवढेच. अगदी काटेकोर बरोबरी. पण ही बरोबरी साधायला आंध्रने आपले १ लाखाहून जास्त किलोमीटर कमी केले आणि तेलंगणने वाढवले ते त्या मानाने थोडे. दोन्ही महामंडळांच्या दृष्टीने हिशेब न्याय्य झाला. विजयवाड्याच्या गाडीची वाट बघणाऱ्याला मात्र एकूण फेऱ्या आधीपेक्षा कमी मिळाल्या. त्यावर माझा सहकारी एवढंच म्हणाला, "समान वाटणी झाली, पण भाकरी लहान झाली." मूळ तेलुगूतलं वाक्य भाताबद्दल होतं, मी भाकरी केली.

यावरून मला एक कळलं. करार होणं महत्त्वाचं आहेच, पण कराराच्या टेबलावर किलोमीटर हा एकच आकडा असेल तर सगळं त्याच्याभोवती फिरतं. फाट्यावर किती वेळ थांबावं लागतं हा आकडाही तिथे कुणीतरी ठेवायला हवा.

याच्या पुढची पायरी कशी असते तेही एकदा पाहायला मिळालं. २०१९ मध्ये कामानिमित्त मी सहा आठवडे जर्मनीत हॅम्बुर्गला होतो. हॅम्बुर्ग हे शहर स्वतःच एक राज्य आहे आणि त्याला लागून दोन वेगळी राज्यं आहेत. माझ्या टीममधला एक जण शेजारच्या राज्यातल्या ल्युनेबुर्गहून रोज रेल्वेने यायचा, पुढे शहरात भुयारी रेल्वे किंवा बस, आणि सगळ्याला मिळून एकच पास. गाड्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या, पण वेळापत्रक एक आणि तिकीट एक. मला वाटलं, जर्मन शिस्त, दुसरं काय! तो हसला. त्याने सांगितलं की हा संघ १९६५ मध्ये सुरू झाला, पण भोवतालचे जिल्हे पूर्णपणे आत यायला २००२ आणि २००४ साल उजाडलं. तोवर त्याचे वडील दोन तिकिटं काढत होते. अडचण गाड्यांची नव्हती. एका तिकिटाचे पैसे कुणी कसे वाटून घ्यायचे आणि तोटा कुठल्या जिल्ह्याने किती उचलायचा, यावर घोडं अडलं होतं.

तंत्राच्या बाजूने बघितलं तर आपण त्यांच्यापेक्षा फार मागे नाही. कुठल्याही शहरात चालावं असं प्रवासाचं सामायिक कार्ड आपल्याकडे मार्च २०१९ मध्येच सुरू झालं आहे. चहाच्या टपरीवर मोबाइलने पैसे देणाऱ्या देशात दोन महामंडळांचा तिकिटाचा हिशेब रात्रीत वेगळा करून देणारी यंत्रणा बसवणं अवघड नाही. माझ्यासारखे चार जण बसले तर काही महिन्यांचं काम. अवघड काम त्याआधीचं. वाटणीचा नियम काय, आणि तो पाळला नाही तर काय, हे दोघांनी सही करून ठरवायचं.

हे सगळं मी एका संध्याकाळी उत्साहाने बाबांना सांगितलं. आणि तिथे गाडी अडली.

बाबा आयुष्यभर सीमाप्रश्नाच्या मोर्च्यांत चालले. १ जून १९८६ चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन त्यांनी पाहिलं आहे. दरवर्षी १ जूनला ते हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर फूल वाहून येतात, ताप असला तरी जातात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू गाडीची सोय मागतोस. सोय झाली की माणूस प्रश्न विसरतो. शिनोळीच्या पुढची गाडी सुरळीत झाली की तुझी पोरं विचारतील, मग भांडण कशाचं होतं?"

हे बोलणं मी झटकून टाकू शकलो नाही. आपल्या पिढीला हे सहज वाटतं, कारण आपल्यापैकी बरेच जण पुणे, बंगळूर, हैदराबादला नोकरीला आहेत आणि सीमाप्रश्न आपल्यासाठी सुट्टीत कानावर पडणारा विषय आहे. ज्यांनी त्यासाठी लाठ्या खाल्ल्या त्यांना प्रत्येक सोयीत थोडी माघार दिसते. त्यांचं चुकतंय असं म्हणण्याइतकी किंमत मी मोजलेली नाही.

तरी मी म्हटलं, "बाबा, महाराष्ट्राने सुप्रीम कोर्टात दावा लावला २००४ साली. त्या तारखा पडतच आहेत. अक्काच्या डोळ्याची तारीख त्या तारखेवर कशी ठेवायची?"

बाबा काही बोलले नाहीत. त्यांना मी आत्याला 'अक्का' म्हटलेलं लागलं असावं. ती हाक फक्त त्यांची आहे.

पुढे मी आणखी एक गोष्ट बोललो, जी मला खरोखर वाटते. आपण म्हणतो, चंदगड, बेळगाव, खानापूर, निपाणी हा एकच मुलूख आहे. मुलूख एक राहतो तो माणसं येत-जात राहतात म्हणून. बाजाराला, लग्नाला, माहेरी, दवाखान्यात. ज्या दिवशी आत्याची नात म्हणेल, बेळगावला नको, गाडीची कटकट आहे, कोल्हापूरलाच जाऊ, त्या दिवशी ती सीमा आपोआप पक्की होईल, कोर्टाच्या निकालाशिवाय. गाड्या बंद पडल्या की नुकसान आधी आपल्याच माणसांचं होतं, कारण त्या रस्त्यावर चालणारी बहुतेक माणसं दोन्हीकडून मराठीच बोलत असतात.

बाबा उठून अंगणात गेले. मला वाटलं विषय संपला.

मी तरीही अर्ज लिहायला घेतला. दोन्हीकडच्या आगारांना आणि दोन्हीकडच्या परिवहन कार्यालयांना, मजकूर एकच. मोठं काही मागितलं नाही. तीनच गोष्टी मागितल्या.

एक, बेळगाव-चंदगड मार्गावरच्या दोन्ही राज्यांच्या गाड्यांचं वेळापत्रक एकत्र बसून लावा आणि एकाच फलकावर, मराठी आणि कन्नड दोन्हींत, फाट्याफाट्यावर लावा. आहेत त्याच गाड्या, फक्त एकापाठोपाठ न येता अर्ध्या-पाऊण तासाने. यासाठी नवा पैसा लागत नाही.

दोन, तणावामुळे गाड्या हद्दीपर्यंतच सोडायची वेळ आली तर दोन्हीकडच्या गाड्या एकाच ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी याव्यात. प्रवाशाने एका गाडीतून उतरून समोरच्या गाडीत बसावं. मधला पट्टा चालावा लागू नये. पोलीस त्या दिवशी दोन्हीकडे असतातच, त्यांच्या देखत हे व्हावं.

तीन, ७५ वर्षांवरचे आणि दवाखान्याचे कागद असलेले रुग्ण यांची सवलत हद्द ओलांडल्यावरही पहिल्या मोठ्या गावापर्यंत एकमेकांनी मान्य करावी. चंदगडच्या म्हाताऱ्यांची बेळगावपर्यंत, बेळगावच्या म्हाताऱ्यांची चंदगडपर्यंत. वर्षाअखेरीला दोन महामंडळांनी आपसात हिशेब करावा. किलोमीटरचा करतात, तसाच.

सोबत माझी फाट्यावरची वही टाइप करून जोडली. कुठली गाडी किती वाजता आली, त्यात साधारण किती माणसं, फाट्यावर किती जण किती वेळ उभे होते. तीन दिवसांची नोंद म्हणजे काही अभ्यास नव्हे, हे मला कळतं. पण कुणीतरी मोजायला सुरुवात केली आहे एवढं तरी त्यावरून दिसतं. गावातल्या कॉलेजच्या चार मुलामुलींनी पुढचा महिनाभर आळीपाळीने नोंद ठेवायचं कबूल केलं आहे. त्यांच्याकडे वही नाही, मोबाइलवरच भरतात. आत्याची नात त्यांत आहे.

वाचकांपैकी जे सीमेवरच्या गावांत आहेत त्यांना एवढंच सुचवतो. आपल्या भागातल्या आंतरराज्य मार्गाच्या कराराचा मसुदा राजपत्रात आणि पेपरात येतो तेव्हा ते ३० दिवस आपले असतात. तिथे घोषणा लिहून उपयोग नाही. आपल्या फाट्यावरच्या नोंदी असतील तर कुणीतरी निदान वाचून बघेल. सावंतवाडी-पणजी असो, गडहिंग्लज-संकेश्वर असो की बिदर-उदगीर असो, नोंद ठेवायला वही आणि तीन सकाळी पुरतात.

अर्जाची छापलेली प्रत मी जेवणाच्या टेबलावर ठेवली होती. सकाळी उठलो तर बाबा चष्मा लावून ती वाचत होते. त्यांनी पेनाने एका ठिकाणी खूण केली होती. एका ओळीत माझ्याकडून 'बेळगावी' असं टाइप झालं होतं. फोनच्या कीबोर्डने आपोआप सुचवलेलं, मी बघितलंच नव्हतं. त्यांनी शेवटचा ई खोडून 'बेळगाव' केलं होतं.

"बाकी ठीक आहे," म्हणाले. मग जरा वेळाने, "इकडच्या ऑफिसला मराठी अर्ज देऊन वर्षभर तसाच पडेल. कन्नडमध्ये दे."

"मला लिहिता कुठे येतं?"

"मला येतं."

चाळीस वर्षं सरकारी नोकरीत त्यांनी कन्नड कागद लिहिले, आणि सुटीच्या दिवशी कन्नडसक्तीविरोधी मोर्चाला गेले. मी त्यांना घरात कधी कन्नड लिहिताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी दोन पानी अर्ज एकटाकी लिहिला. खाडाखोड नाही. खाली सही केली, मराठीत.

दोन्ही अर्ज गेले आहेत. पोच आली आहे, उत्तर अजून नाही. आत्याची पुढची तारीख येत्या बुधवारी आहे. गाड्या सध्या नीट चालू आहेत. तरी बाबांनी सांगून ठेवलं आहे की बुधवारी सकाळी ते स्वतः पाटणे फाट्यावर जाणार आणि अक्काला घेऊन येणार. लाल गाडी आली तर लाल, नाहीतर जी पहिली येईल ती. तिकीट ते काढणार आहेत.